छप्पन्न अक्षरांचा पत्ता

मूर्ख कोण, तर मी. आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी विचारायला नको.

माझा भाऊ एरॉल दीड वर्षापूर्वी घर सोडून गेला. आमच्या होळी गावातल्या बागायतीत बेकायदा भराव टाकणाऱ्यांची नावं त्यानं पोलिसांना लिहून दिली, आणि आठवड्याभरात त्यांची माणसं धमकवायला दारात आली. कुठे जातोय ते त्यानं सांगितलं नाही. फोन बंद. निरोप ठेवायला फक्त इंटरनेटवरच्या एका लपलेल्या पेटीचा पत्ता दिला. छप्पन्न अक्षरं, अर्थ काही नाही! "कागदावरच ठेव, अनिशा. फोटो काढू नकोस, फोनमध्ये लिहू नकोस." मी कागदाची घडी करून घरातल्या अल्तारावर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यात, झावळीच्या क्रुसामागे खोचली.

राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख करायला चर्चमध्ये घरोघरच्या जुन्या झावळ्या जाळायला मागतात. दरवर्षी देते, तसा यंदाही तो क्रूस दिला. कागदासकट. अक्कल कुठे चरायला गेली होती देव जाणे!

आणि आता मम्मी अंथरुणाला खिळलीय. डॉक्टर म्हणाले, आठवडा काढला तरी खूप. तिला शेवटचं एरॉलला बघायचंय, बस्स. दुसरं काही मागत नाही बिचारी.

माझ्या मामेभावाचं, फ्लॉईडचं, माणिकपूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे जाऊन ठाण मांडलं. "पहिली सहा अक्षरं पाठ आहेत माझी. बाकीची तुझ्या मशीनला शोधायला सांग."

"बाकीची पन्नास आहेत गं. प्रत्येक जागी बत्तीसांपैकी कुठलंही. नुसत्या चार जागांचे दहा लाखांवर पत्ते होतात. पुढे अजून सेहेचाळीस जागा."

"मग चालू ठेव दिवसरात्र!"

"जगातले सगळे कॉम्प्युटर लावले तरी त्याआधी सूर्य विझेल. याची कुठे यादी नसते. जवळ आलीस की लांब गेलीस, तेही कळत नाही. एक अक्षर चुकलं काय नि पन्नास चुकली काय, सारखंच."

"बनवणाऱ्यांना आया नव्हत्या का रे? एक फटसुद्धा ठेवली नाही?"

"ठेवली असती तर त्याच फटीतून ती माणसं एरॉलपर्यंत पोचली असती," फ्लॉईड हळूच म्हणाला.

मी त्याच्यावर नको ते ओरडले. त्यानं ऐकून घेतलं आणि मशीन लावलं. तीन दिवसांत चौदा लाख पत्ते झाले. एकही उघडला नाही. मी खुर्चीत बसून घळाघळा रडले, गिऱ्हाइकांसमोर.

आज सकाळी मम्मीनं विचारलं, "बाय, निरोप पोचला गं एरॉलला?"

"पोचला, मम्मी. निघालाय तो." तोंड वर करून खोटं बोलले.

एरॉल दर रविवारी ती पेटी उघडतो. जाताना बजावून गेला होता, "उगाच लिहू नका. पेटी रिकामी दिसली की मी समजेन, घरी सगळी बरी आहेत."

आज रविवार आहे. चर्चमधली मिस्सा झाल्यावर त्यानं पेटी उघडली असेल आणि त्याला बरं वाटलं असेल.