गोदामाला एकच दार

आमच्या ऑफिसात तेव्हा नकाशे हातानं काढायचे. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेलं मी ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायची, आणि रेघ चुकली तर ब्लेडनं अलगद खरवडायची. इतक्या वर्षांत पुष्कळ इमारती हाताखालून गेल्या, बहुतेक विसरले. गोदाम मात्र लक्षात आहे.

सुताचं गोदाम होतं, बंद पडलेलं. त्याच्या अर्ध्या भागात खेळाचा हॉल आणि अर्ध्यात दवाखाना करायचं ठरलं. छप्पर, भिंती होत्याच. आतल्या भिंती, दारं आणि नळ एवढंच आमचं काम.

त्याच सुमारास एकदा गच्चीत आम्ही दोघी जावा कपडे वाळत घालत होतो. मोठ्या जाऊबाई चादर एका हातानंच दोरीवर फेकत होत्या. मी विचारलं, तर त्यांनी इकडंतिकडं बघून माझा हात धरला आणि आपल्या डाव्या काखेत नेला. बोराएवढी गाठ लागली.

"दवाखान्यात चला," मी म्हटलं.

"आणि लॉन्ड्रीवाल्याला बातमी पुरवू?"

जुना दवाखाना लॉन्ड्रीला लागून होता, रांग त्याच्याच पायरीवर बसायची. कुणाला काय झालंय ते डॉक्टरच्या आधी त्याला कळायचं.

"पोरीचं लग्न ठरत आलंय," जाऊबाई म्हणाल्या. "तिकडचे म्हणतील, आज आईला आहे, उद्या मुलीला होईल. अळीमिळी गुपचिळी. माझी शपथ आहे तुला."

शपथ घालून त्या मोकळ्या झाल्या. मी मात्र अडकले.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात बैठक झाली. एका बाजूला खेळाच्या क्लबचे सेक्रेटरी, दुसऱ्या बाजूला दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई, आणि मध्ये साहेब.

"खेळायला येणाऱ्यानं आधी खोकणाऱ्यांच्या रांगेतून जायचं का?" सेक्रेटरी म्हणाले. "आम्हाला वेगळं दार पाहिजे."

"आम्हालाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तापानं फणफणलेल्या माणसाला तुमचा गोंगाट नको."

निदान एका मुद्द्यावर तरी एकमत झालं म्हणून साहेब खूश. मला म्हणाले, "दोन दारं दाखव."

मी पेन उचललं नाही. म्हटलं, "साहेब, रस्त्यावर एकच दार ठेवू या. आत गेल्यावर वळणाआड दोन. म्हणजे कोण कुठं गेलं ते बाहेरून दिसणार नाही."

"दिसलं तर काय बिघडतं?" सेक्रेटरींनी विचारलं.

खरं कारण सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "बायका येत नाहीत मग."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं नीट पाहिलं. "येतात," त्या म्हणाल्या, "पण फार उशिरा येतात. एकच दार ठेवा. खोकणाऱ्यांना मी खिडकीपाशी वेगळं बसवीन."

दार एक झालं, पण दवाखान्यात चहासाठी वेगळी मोरी ही डॉक्टरीणबाईंची दुसरी मागणी गेली. सांडपाण्याची लाइन हॉलच्या बाजूला होती. हात धुण्यापुरता नळ कसाबसा पलीकडं नेता आला, चहाची मोरी हॉलमध्येच राहिली.

"म्हणजे घोटभर चहासाठी मी त्या चेंडूंच्या माऱ्यातून जायचं?" त्या म्हणाल्या. साहेबांनी पाइपचा खर्च सांगितला, तशी त्यांनी मागणी सोडली.

गोदाम उघडलं त्याच आठवड्यात मी घरात जाहीर केलं की आम्ही दोघी टेबल टेनिस खेळायला जाणार.

दीर म्हणाले, "या वयात? आणि स्वयंपाक?"

"हरेल ती करेल," जाऊबाई म्हणाल्या.

दारातून आत गेलो. वळणावर जाऊबाईंनी दवाखान्याच्या दाराकडं पाहिलं आणि हॉलमध्ये शिरून बॅट उचलली. "आज नको, उद्या बघू."

उद्याही तेच. परवाही. त्यांना खेळाची गोडी लागली. आठवड्याभरात मला हरवायला लागल्या, पुढं सेक्रेटरींनाही. ते त्यांना तोफ म्हणायला लागले. इकडं स्वयंपाक रोज माझ्या गळ्यात, आणि गाठ जिथल्या तिथं.

"ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार?" मी एकदा चिडून विचारलं.

"अगं, ताक तरी नीट पिऊ दे."

मला वाटत होतं, नकाशात दार काढलं की माणूस आत जातं. माझं दार त्यांना वळणापर्यंत घेऊन आलं होतं. पुढं ढकलणं नकाशाच्या हातात नव्हतं.

एका संध्याकाळी डॉक्टरीणबाई चहा घ्यायला आल्या आणि कप हातात घेऊन आमचा खेळ बघत उभ्या राहिल्या. मग कप ठेवून म्हणाल्या, "माझ्याशी एक डाव?"

जाऊबाईंनी चेंडू टेबलावर आपटून सर्व्हिस केली. त्यांची ती रीतच होती.

"फाउल. चेंडू डाव्या हातानं वर उडवायचा असतो."

"मला असंच जमतं."

"एकदा उडवा बघू."

जाऊबाईंनी हात वर नेला. खांद्याच्या खालीच तो थांबला आणि चेंडू घरंगळत टेबलाखाली गेला. डॉक्टरीणबाईंनी वाकून तो उचलला, खिशात टाकला.

"माझा चहा गार झाला," त्या म्हणाल्या. "आत चला, दुसरा मागवते."

जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी कधी नव्हे ते म्हटलं, "जा. आजचा स्वयंपाक मीच करते."

"तो तसाही तूच करणार होतीस," म्हणत त्या त्यांच्यामागून गेल्या. शेवटी सोनारानंच कान टोचले.

पुढं मोठ्या हॉस्पिटलात गाठ काढली. उपचार बरेच दिवस चालले. लग्नात जाऊबाईंचा डावा हात झोळीत होता. विहीणबाईंना सांगितलं, खेळताना दुखावला. साऱ्या वस्तीनं त्यांना खेळताना पाहिलं होतं, लॉन्ड्रीवाल्यानंसुद्धा. कुणी दुसरं काही विचारलं नाही.

त्या पुष्कळ जगल्या. हात पूर्ण वर गेला नाही, चेंडू आपटूनच सर्व्हिस करायच्या आणि डॉक्टरीणबाई दर वेळी "फाउल" म्हणायच्या.

काही वर्षांनी गोदामाच्या दुरुस्तीला पैसे आले. साहेबांनी दवाखान्यात वेगळी मोरी दाखवून पेन्सिलीचा नकाशा डॉक्टरीणबाईंकडं पाठवला. तो माझ्या टेबलावर परत आला तेव्हा त्यावर मोरी खोडलेली होती आणि बाजूला लिहिलं होतं, "चहा मी हॉलमध्येच घेते." बाकीचं मी शाईनं उतरवलं.