उजवीकडे दाखवणारा बाण

मित्रांनो, शहरातून येणारी बस जिथे शेवटची थांबते आणि मागे वळते, तिथे उतरलात की एक हिरवा लाकडी खांब दिसेल. त्याच्या माथ्यावर बाणासारखी निमुळती फळी आहे. तो खांब म्हणजे मी. आज तुम्हाला माझी हकिगत सांगणार आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी थोडा चिडलेला आहे. लाकडाला कसला राग, असे तुम्ही म्हणाल. पण अंगावर अक्षरे असून तोंड नसणे म्हणजे काय, हे एकदा माझ्या जागी उभे राहून पाहा.

वादळात पडलेल्या एका झाडाच्या खोडातून सुताराने मला घडवले. पटाशीने त्याने माझ्या फळीवर ‘नदीकाठची वाट’ अशी अक्षरे कोरली आणि श्वास रोखून त्यांत पांढरा रंग भरला. त्याची बायको डबा घेऊन यायची आणि दारातूनच म्हणायची, “इतकं जपून माझं नाव कधी लिहिलंत का?”

“तुझं नाव वाचून कुणाला रस्ता सापडणार आहे?” तो मान वर न करता म्हणायचा.

“नाही ना? मग जेवा त्या फळीसोबत,” असे म्हणून ती डबा ठेवायची आणि तिथेच वाढायला बसायची. असे हसतेखेळते घर सोडून मी रस्त्यावर उभा राहिलो.

माझे काम सोपे होते. लोक बसमधून उतरत, माझ्याकडे पाहत आणि बाणाच्या दिशेने चालू लागत. बांधावरून जाणारी ती वाट अगदी सपाट आहे. एका अंगाला संथ पाणी, दुसऱ्या अंगाला झाडांची सावली, दमलेल्याला टेकायला बाक. ज्यांच्या दारात गाडी नाही, त्यांना देवाने दिलेली ही वाट. तिकीट काढावे, खिडकीशी बसावे, उतरावे आणि पायांना मोकळे करावे. बसमध्ये एकमेकींशी अबोला धरलेल्या दोन जावा एकाच पिशवीचा एकेक बंद धरून परत येताना मी पाहिल्या आहेत. कचेरीतला एक कारकून बूट हातात घेऊन यायचा आणि जाताजाता माझ्या पाठीवर थाप मारायचा. त्या जागी माझे लाकूड गुळगुळीत झाले होते. कौतुक कौतुक म्हणतात ते हेच, असे मला वाटे.

मग रस्ता रुंद झाला. मला उपटून खडीच्या ढिगाशेजारी आडवे टाकले. नवा रस्ता झाल्यावर बसथांबा समोरच्या बाजूला नेला आणि मलाही तिथे पुरले. रस्ते खात्याच्या कागदावर लिहिले होते, ‘थांब्यावरून पाहता बाण उजवीकडे.’ कामगारांनी अगदी हुकुमाप्रमाणे केले. जुन्या थांब्यावरून उजवा हात नदीकडे जात होता. रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले की तोच उजवा हात टेकडीकडे जातो, एवढी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. टेकडीवर नदी नाही. तिथे दगडाची खाण आहे, दमछाक करणारा चढ आहे आणि धूळ आहे.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी खोटे बोलू लागलो, आणि तेही कोरीव अक्षरांत. लोक टेकडी चढून घामाघूम होऊन परत येत. “कसली नदी न् कसलं काय,” असे पुटपुटत बसमध्ये बसत आणि पुन्हा कधी येत नसत. पाठीवरची थाप केव्हाच बंद झाली. बरे, माझ्याकडे दुर्लक्ष झाले म्हणावे, तर तसेही नाही. दरवर्षी रंगारी येई, मला खरवडून हिरवा रंग देई, अक्षरे पांढरी शुभ्र करी. मग खात्याचे साहेब येत, माझ्यासोबत फोटो काढत आणि म्हणत, “बघा, किती छान राखलाय.” मला राखला होता खरा. पण ज्या दिशेसाठी मला उभा केला, तिच्याकडे कुणी मान वळवून पाहिले नाही.

एका सकाळी बसमधून एक नर्स आणि तिचे वडील उतरले. वडील घड्याळजी. त्यांच्या हृदयाचे ऑपरेशन झाले होते. रोज थोडे सपाटीवर चालायचा नेम ठेवा, नाहीतर पुन्हा झटका येईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण ऑपरेशनपासून ते गॅलरीतून हलले नव्हते. लेकीने महिनोन्‌महिने मनधरणी करून, सुटी काढून त्यांना इथवर आणले होते, हे मला त्यांच्या बोलण्यावरूनच कळले.

“बघा बाबा, लिहिलंय. नदीकाठची वाट. एकसुद्धा चढ नाही म्हणे.”

“चल तर मग. तुझ्यापेक्षा हे लाकूड बरं. एकदाच सांगतं आणि गप्प बसतं.”

ते उजवीकडे वळले. मला ओरडावेसे वाटले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले, आत्ता मोडून पडावे, म्हणजे तरी बाण जमिनीकडे होईल. पण सुताराने मला भक्कम केले होते.

परत आले तेव्हा घड्याळजींनी लेकीचा दंड घट्ट धरला होता. चेहरा राखेसारखा झाला होता. ते माझ्या बुंध्याशी बसले. तिने नाडी पाहिली, पाणी पाजले. मग ते म्हणाले,

“नदी बघितली. छान खडी होती नदीला.”

“बाबा, मला काय माहीत? पाटीवर लिहिलंय...”

“आता मला कुठं नेऊ नकोस. माझी गॅलरी बरी. तिथं खोटं बोलायला कुणी येत नाही.”

“बसा मग जन्मभर गॅलरीत,” ती म्हणाली. “वॉर्डात दिवसभर लोकांच्या बापांना धरून चालवते मी. माझा बाप तेवढा खुर्चीला चिकटून.”

बसचा ड्रायव्हर खाली उतरला होता. तो म्हणाला, “ताई, नदी डावीकडे आहे, खाली. ह्या खांबाचं मनावर घेऊ नका. रस्त्याच्या कामात डोक्यावर पडलाय तो.”

“बाबा, ऐकलंत? पुन्हा येऊ आपण.”

“तू ये,” घड्याळजी म्हणाले आणि बसमध्ये जाऊन बसले.

पुढच्या सुटीला ती एकटीच आली. डावीकडे गेली, सगळी वाट चालून आली. चपला चिखलाने भरल्या होत्या, पण चेहरा उजळला होता. नेमके तेव्हाच रंगारी माझ्यावर ब्रश फिरवत होता आणि साहेब सावलीत उभे होते.

“साहेब, हा बाण उलटा आहे. नदी तिकडे आहे,” तिने शांतपणे सांगितले.

साहेबांनी कागद पाहिला. “उजवीकडे लिहिलंय. खांब उजवीकडेच दाखवतोय. आमच्या बाजूनं चूक नाही.”

“पण नदी उजवीकडे नाही ना.”

“हे बघा ताई, खांब आमचा. नदी आमच्या खात्यात येत नाही.”

रंगारी हसू दाबायला डब्यात पाहू लागला. ती बसमध्ये चढली. ओला रंग घेऊन मी उन्हात वाळत राहिलो. इतका सुंदर आणि इतका निरुपयोगी मी कधीच नव्हतो.

त्यानंतर काही दिवसांनी बस आली आणि आधी काठी खाली उतरली, मग घड्याळजी. मागून लेक पिशवी सांभाळत आली. ते सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“हाच ना तो, हुकुमाचा ताबेदार?” ते म्हणाले. “नदी खात्यात नाही म्हणे. डोळे मिटले की हा बाण दिसतो मला. काटा चुकलेलं घड्याळ मी कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नाही. काढ तो स्क्रू ड्रायव्हर.”

“बाबा, तुम्ही फिरायला आलात की ह्याला दुरुस्त करायला?”

“फिरायला कोण आलंय?”

तिने पिशवीतून मोठा स्क्रू ड्रायव्हर काढून पुढे केला. स्क्रू रंगाच्या थरांखाली गाडले गेले होते. घड्याळजींनी ते एकेक खरवडून मोकळे केले. मधूनमधून छातीवर हात ठेवून थांबले, की लेक म्हणे, “द्या इकडे, मी करते,” आणि ते म्हणत, “तू सुया टोच. हे माझं काम.” ड्रायव्हरने फळी खालून धरली. “मी काही पाहिलं नाही हं,” तो म्हणाला, “मी फक्त वजन उचललंय.” त्यांनी फळी उलटी करून पुन्हा बसवली. जरा तिरकी बसली, अक्षरे मागे झुडपांकडे गेली, समोर कोरे लाकूड आले. पण बाण डावीकडे झाला.

घड्याळजींनी घाम पुसला आणि लेकीकडे न पाहता म्हणाले, “आता हा तरी खरं बोलतोय का, बघायला नको?”

ती दोघे डावीकडे गेली. उन्हे कलेपर्यंत माझे सगळे लक्ष त्या वळणाकडे होते. मग काठीचा आवाज आला. सावकाश, पण एका लयीत. घड्याळजींची कुरकुर चालूच होती.

“बाक ओलाय. पाण्याला शेवाळाचा वास येतो. ते बगळे नुसते उभे, काम ना धाम.”

“बरं,” लेक म्हणाली.

“पुढल्या वेळी बसायला काहीतरी घेऊन ये.”

बस येईपर्यंत वडिलांचा हात तिने हातातच ठेवला होता.

मित्रांनो, आज मी तुम्हाला ओबडधोबड आणि कोरा दिसेन. एक दिवस साहेब पुन्हा येतील, कागद पाहतील आणि मला पुन्हा उजवीकडे वळवतील, ही भीती मला रोज पोखरते. मी काहीच करू शकणार नाही, याची चीड त्याहून जास्त पोखरते. म्हणून हात जोडून सांगतो. हात नाहीत, तरी जोडतो. एखादी वस्तू चकचकीत ठेवली म्हणजे तिची काळजी घेतली असे समजू नका. मला रंग नको. माझा बाण दाखवील तिकडे एकदा स्वतः चालून जा, आणि तिथे नदी नसेल, तर गप्प बसू नका.