कॅनॉलपलीकडचं घर

नांदखेडला भाड्याचं घर रिकामं दाखवत नाहीत. घर बघायला जावं, तर तिथे जी माणसं राहायला येणार ती आधीच राहत असतात. दिगंबर कानडे तिथल्या कॉलेजात रसायनशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून रुजू होणार होते, म्हणून मे महिना संपता संपता ते कुटुंबाला घेऊन चिपळूणहून आले. एजंट ढवळ्यांनी पहिल्या घराचं दार ढकललं, तेव्हा आत दिगंबरच पेपर वाचत बसले होते.

"हे तुम्ही," ढवळे म्हणाले. "हाका मारू नका. त्यांना ऐकू जात नाही."

दिगंबरांच्या बायकोने, वैजयंतीने, उंबऱ्यातून डोकावून पाहिलं. प्राध्यापक कॉलनीतलं घर होतं. स्वच्छ फरशी, भिंतीतली कपाटं, मागे लिंबाचं झाड. मुलगी ऋता टेबलाशी अभ्यास करत होती. स्वयंपाकघरात वैजयंती स्वतः पोहे परतत होती, अंगावर एक हिरवी साडी, जी तिने अजून घेतलेली नव्हती.

"आजी कुठे आहे?" शेजारी उभ्या ऋताने विचारलं.

माईंची खाट नव्हती. काठी नव्हती. देवाजवळ त्यांची जपमाळही नव्हती.

ढवळ्यांनी हातातला कागद पाहिला. "या घरात तीनच माणसं आहेत."

माई, दिगंबरांची आई, ऋताचा दंड धरून मागेच उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन आत बराच वेळ पाहिलं.

"हवा कोरडी आहे," त्या म्हणाल्या. "कपडे पटकन वाळतील. हेच घ्या." आणि कुणाचा आधार न घेता ढवळ्यांच्या जीपमध्ये जाऊन बसल्या.

आतली वैजयंती काहीतरी गुणगुणत होती. वैजयंतीला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून ती झटकन मागे सरली.

"हे नको," ती जरा मोठ्यानेच म्हणाली.

दुसरं घर विद्यानगरात, मुलींच्या हॉस्टेलच्या भिंतीला लागून होतं. आत तिघं जेवत होती. ताटं तीन होती, खुर्च्याही तीनच.

"म्हणजे मी मेलेय का?" ऋताने विचारलं.

"नाही," ढवळे म्हणाले. "मेलेल्यांचा फोटो असतो."

"हॉस्टेलला राहत असेल ही," दिगंबर म्हणाले.

"हॉस्टेल इथे शेजारी आहे, बाबा. जेवायला तरी आले असते ना."

आतली वैजयंती माईंना आग्रह करून भात वाढत होती. तिच्या चेहऱ्यावर दुःखाचं नाव नव्हतं, आणि वैजयंतीला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली.

गावठाणातल्या घरात दिगंबर नव्हते. "इथे पाणी दिवसाआड येत असणार," ते एवढंच म्हणाले, आणि बाकीच्यांनीही पाण्याचाच विषय धरून ठेवला. वैजयंती नसलेलं घर ढवळ्यांनी दाखवलं नाही. तिनेही विचारलं नाही.

झेरॉक्सच्या दुकानांच्या रांगेसमोर जीप थांबवून सगळ्यांनी चहा घेतला. रस्त्यावर सगळी विशीच्या आतबाहेरचीच माणसं होती, जणू गावात दुसऱ्या वयाला परवानगी नव्हती.

"चौघंही असलेलं घर नाही का इथे?" वैजयंतीने विचारलं.

ढवळ्यांनी कप खाली ठेवला. "एक आहे. कॅनॉलपलीकडे. पण ते मी सहसा दाखवत नाही."

"का?"

"बाकीच्या घरांतली माणसं तुमचं सामान आलं की निघून जातात. त्यांच्यात एक कमी असतं, त्यांचा जीव तिथे अडकत नाही. तिथली जात नाहीत. भरलेलं घर कोण सोडेल?"

तरी ते त्यांना घेऊन गेले. ओसरीवर चौघं रायवळ आंबे चोखत बसली होती. माईसुद्धा, पदराला रस लागू नये म्हणून पुढे वाकून. वैजयंतीने मोजलं, मग पुन्हा मोजलं. तेवढ्यात तिथली वैजयंती मान वर करून सरळ तिच्याकडे पाहत म्हणाली, "या ना. उन्हात का उभ्या?"

"इथल्यांना ऐकू येतं," ढवळे म्हणाले. "दिसतंही."

"मग आम्ही आल्यावर आठजण?" दिगंबरांनी विचारलं.

"सुरुवातीला. एका नावाची दोन माणसं एका घरात फार दिवस टिकत नाहीत. एक कमी होतं."

"कोणतं?"

"ते मी कसं सांगू?"

दिगंबर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "वैजू, नीट विचार कर."

"केलाय," ती म्हणाली. "यातलं एकही माणूस मी मागे ठेवणार नाही."

रविवारी ट्रक आला. तिथल्या चौघांनी सामान उतरवायला हात लावला. दोन्ही दिगंबरांनी मिळून पुस्तकांचं कपाट उभं केलं. दोघी माईंच्या खाटा शेजारी शेजारी लागल्या आणि दोघी एकमेकींची बाळंतपणं सांगत बसल्या, एकीचं वाक्य दुसरीने पुरं करत. दोघी ऋता एकाच हेडफोनचं एकेक टोक कानात घालून गाणी ऐकत होत्या. स्वयंपाकघरात वैजयंतीने मिठाकडे हात नेला की दुसरीने ते आधीच पुढे केलेलं असे. दोन दिवस तर तिला वाटलं, असंही राहता येईल.

बुधवारी एक दिगंबर कॉलेजातून परत आले, तेव्हा दुसरे घरात नव्हते. चपला नव्हत्या, चष्म्याचं घर नव्हतं. वैजयंतीने आलेल्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "अहो, घाटात आपण कुठे थांबलो होतो?"

"दत्ताच्या देवळापाशी. ऋताला मळमळत होतं."

उत्तर बरोबर होतं. पण दोन्ही दिगंबर रोज संध्याकाळी अंगणात बसून एकमेकांना सगळं सांगत, हे तिला ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी एक खाट रिकामी दिसली, वर चादरीची घडी. उरलेल्या माईंनी डोळ्यांना पदर लावला. "माझ्याच वयाची होती," त्या म्हणाल्या.

मग वैजयंतीने ऋतावर नजर ठेवायला सुरुवात केली. तिने आपल्या ऋताच्या मनगटाला लाल दोरा बांधला. तासाभरात दोघींच्या मनगटाला लाल दोरा होता. "तिलाही हवा होता," एक म्हणाली. कोणती म्हणाली, ते वैजयंतीला सांगता आलं नसतं. तिने दोघींना समोर बसवून जेवू घातलं, दोघींच्या वेण्या घातल्या, बाहेर म्हणून जाऊ दिलं नाही. शनिवारी वाळलेले कपडे काढायला ती अंगणात गेली. दोरीवर सतरा कपडे होते, तेवढाच वेळ लागला. ती परत आली तेव्हा टेबलाशी एकच ऋता प्रवेशाचा फॉर्म भरत होती.

"दुसरी कुठे आहे?"

"कोण दुसरी?"

"तू माझीच ना गं?"

ऋताने पेन खाली ठेवलं. "आई, असं काय विचारतेस?"

वैजयंतीने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. केसांचा वास घेतला. भुवईतला कांजिण्यांचा वण पाहिला, डाव्या कानामागचा तीळ पाहिला. ऋताच होती. कुठेही उणी नव्हती. तिने तो चेहरा खूप वेळ सोडला नाही, आणि शेवटी सोडला तो मुलीचे गाल दुखायला लागले म्हणून.

तिने ढवळ्यांना फोन लावला. "आमची कोणती राहिली?"

"तुम्ही चौघांचं घर मागितलं होतं, ताई. चौघं आहात ना?"

"पाच आहोत."

"मग अजून एक जायचंय," ढवळे म्हणाले, आणि पावसाआधी पन्हाळ्या साफ करून घ्यायची आठवण करून त्यांनी फोन ठेवला.

रविवारी दुपारी दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसून पुरणपोळीची कणीक मळत होत्या. बाहेर कॅनॉलला पाणी सोडलं होतं, त्याचा आवाज येत होता.

"तुला ट्रक आठवतो?" दुसरीने विचारलं.

वैजयंतीला आठवत होता. कॅनॉलच्या पुलावर ताडपत्री फडफडत होती आणि ड्रायव्हरने सांगितलं होतं, काच वर करा, धूळ येईल. मग तिला हेही आठवलं, की ती या खिडकीचे गज धरून उभी होती, पुलावरून धूळ उडवत एक ट्रक येत होता, आणि ती मनात म्हणाली होती, आली बाई एकदाची. दोन्ही गोष्टी सारख्याच लख्ख होत्या. गजांचा गंजही तळव्याला आठवत होता.

"तू कुठली?" तिने विचारलं.

"तेच मी तुला विचारणार होते," दुसरी म्हणाली.

आतून ऋताने हाक मारली, "आई!"

"आले गं," दोघी म्हणाल्या, आणि कणकेचे हात तसेच घेऊन एकदमच उठल्या. स्वयंपाकघराचं दार अरुंद होतं. एका वेळी एकच माणूस त्यातून जाऊ शकत होतं.