झऱ्याचं पाणी

“घे, गरम आहे तोवर खा,” म्हणत माहेरच्या शेजारच्या गेना आजीने चीज भरलेल्या खुसखुशीत बानित्साचा भलामोठा तुकडा वेलिच्काच्या हातात कोंबला. “दुकानातून बाटल्या ओढून माझा जीव मेटाकुटीला आला होता. झऱ्याचं पाणी चांगलं निघालं, सुटले बघ!”

वेलिच्काने तुकडा हातातच धरून ठेवला.

लग्नाआधीपासून ती जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत होती. दोब्रुजा भागातल्या गावागावांतल्या विहिरींचं, झऱ्यांचं पाणी बाटलीत भरायचं आणि शेतांवरची फवारणी त्यात कितपत उतरली ते तपासायला न्यायचं, हे तिचं काम. तिच्या माहेरचा दगडी झरा टेकडीच्या पायथ्याशी होता. वर तिचा धाकटा भाऊ आस्पारुह सूर्यफूल लावायचा. यंदा तण मारायचं औषध फवारलं आणि लगेच धो धो पाऊस झाला. लोक धास्तावले.

ती तपासणीचं पाणी भरायला आली, तेव्हा आस्पारुह आधीच झऱ्यापाशी उभा होता.

“ताई, एवढ्या वेळेला दुसरीकडचं भर. खराब निघालं तर उतारावर मला काही पेरू देणार नाहीत.”

“वेडा आहेस का? लोक पितात हे.”

“पावसाचं आहे, आठवड्यात निवळेल. कुणाला काही होत नाही. मी सांगतोय ना!”

तिने गावाच्या दुसऱ्या टोकाच्या खोल विंधन विहिरीवरून बाटली भरली आणि वर झऱ्याचं नाव लिहिलं. पाणी अर्थातच स्वच्छ निघालं.

“आजी,” तिने कसंबसं विचारलं, “झऱ्याचं पाणी कोण कोण पितं गं?”

“सगळा गाव! आमची नात स्ताम्का बाळंतपणाला आली आहे ना, बाळाचं पावडरचं दूधही त्यातच कालवते. तुझी भावजय तेवढी नखरेल. महिनाभर गाडीतून बाटल्यांचे गठ्ठे आणते. पोट नाजूक म्हणे. आस्पारुहने झऱ्याकडे फिरकूही दिलं नाही तिला!”

वेलिच्काने बानित्सा खाली ठेवली. भावाला सगळं ठाऊक होतं. आणि तिला? तिलाही होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर ती दुसऱ्या टोकाला गेली होती.

“ते पाणी बाळाला देऊ नका. मी झऱ्याचं भरलंच नव्हतं. आस्पारुहसाठी खोटेपणा केला.”

गेना आजी आत वळून ओरडली, “स्ताम्का! बाटली काढ त्याच्या तोंडातून!”

आत बाळ रडायला लागलं. आजी परत बाहेर आली नाही. वेलिच्का अंगणातून आपणच निघाली.

झऱ्यावर येऊन तिने प्रयोगशाळेच्या साहेबांना फोन लावला आणि न थांबता सगळं सांगून टाकलं.

“आत्ता नव्याने बाटली भर,” साहेब म्हणाले. “दोन साक्षीदार घे. आणि उद्या येताना ऑफिसच्या गाडीच्या किल्ल्या जमा करायला आण.”

सरपंच आणि पोस्टातली बाई यांच्यासमोर तिने बाटली भरली. टेकडीवर ट्रॅक्टर थांबला. आस्पारुह उतारावरून धावत खाली आला.

“सख्ख्या भावाला बुडवलंस! आता माझ्या दारात पाऊल टाकू नकोस!”

तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. सरपंचाने तिच्याकडे पाहायचं टाळून बाटली पेटीत ठेवली आणि प्रयोगशाळेकडे रवाना केली.

‘पाणी पिऊ नका’ असा फलक लागायला संध्याकाळ होणार होती. तोवर लोक येतच राहणार. वेलिच्का झऱ्याशेजारच्या दगडावर बसून राहिली. सगळ्यांत आधी म्हातारा नायदेन आला. तिने त्याला थांबवलं, कारण सांगितलं.

“आणि चांगलं आहे असं कोण म्हणालं होतं?”

“मीच, काका.”

नायदेनने कॅन उचलला आणि तो रिकामाच घेऊन परत फिरला. मग शाळेतली स्वयंपाकीण आली. तिने जाताना थुंकल्यासारखं केलं. ऊन चढत गेलं. समोरचं वाहतं पाणी बघून तहान लागत होती, पण वेलिच्काने ओंजळ पुढे केली नाही.

वळणावर सायकलची घंटा वाजली. वेलिच्का मनगटाने तोंड पुसत उठली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.