कडेचा कोंबडा

आजीबाईंनी कागद सोडवला, चष्मा पुसला आणि तसबीर उजेडाकडे धरली.

“कोंबडा कुठं गेला?”

फ्रेमवाला उगीच टेबलावरचे खिळे गोळा करू लागला. काच नि चौकट फुटली म्हणून चित्र आलेलं, तयार चौकट दोन बोटं तोकडी, आणि नवी करायचा आला कंटाळा. हात जोडून रडणारा म्हातारा चौकटीत नीट बसत होता. उरला होता कडेच्या भिंतीवरचा एवढासा कोंबडा. कोण बघतंय, म्हणत पठ्ठ्यानं सुरी चालवली. कापलेली पट्टी केव्हाच केरात गेली होती.

“कसला कोंबडा?”

“अहो, इथं भिंतीवर होता.”

“चित्र आलं तेव्हा असंच होतं, आजी.”

मागे खळ ढवळणाऱ्या बायकोचा हात थांबला. ‘राहू द्या ना तो बिचारा,’ असं तीच तर म्हणाली होती.

“नीट आठवा बरं.”

“शप्पथ सांगतो. नव्हता.”

आजीबाई ओशाळल्या. “नसेल बाई. चाळीस वर्षं पुसतेय, पण हल्ली माझं डोकंच चालत नाही. उगीच तुमच्यावर आळ घेतला. रागावू नका हं.”

रागावू नका! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आमचे हे अंथरुणाला खिळलेत,” तसबीर पिशवीत घालत त्या म्हणाल्या. “सकाळी आधी कोंबड्याकडे बघतात, मग हात जोडतात. हा संत पेत्र. येशूला धरून नेलं, तेव्हा भीतीपोटी तीनदा म्हणाला, मी नाही त्याला ओळखत. तेवढ्यात कोंबडा आरवला, आणि हा ढसाढसा रडला. ह्यांनीही एकदा सख्ख्या भावाला असंच पोलीस चौकीत नाकारलं होतं. तो पुन्हा घरी आला नाही. आता कोंबडा विचारतील, तर काय सांगू?”

तीनदा, हे ऐकून फ्रेमवाल्याचे कान तापले. बायकोकडे बघायची हिंमत होईना. आजीबाई पायरी उतरल्या, तसा तो अनवाणीच मागे धावला.

“आजी, होता कोंबडा. मीच कापला, आळसापायी. वर तुमच्या तोंडावर खोटं बोललो.”

त्यांनी पिशवी त्याच्या हातात दिली.

“चला घरी. हे त्यांना तुम्हीच सांगा. चाळीस वर्षं त्यांना वाटतंय, पेत्रानंतर असं करणारे आपण एकटेच.”