नावाच्या आधीचं अक्षर

चुलतभावाच्या तोंडावर थुंकावं असं मला आयुष्यात एकदाच वाटलं, २००६ साली, यवतमाळच्या एका हॉटेलात. थुंकले नाही, एवढीच खंत आहे.

माझे बाबा, सदाशिवराव, खरादावर लाकूड फिरवून त्याला गोल आकार देणारे कारागीर. यवतमाळजवळच्या लोहारा गावात त्यांचं दुकान होतं. बासष्ट-त्रेसष्ट सालापासून त्यांनी टेबलावरचे दिवे केले. सागवानाचे तीन बारीक तिरके पाय, वर पितळेची नळी, त्यावर कापडी टोपी. बाबा डावखुरे, म्हणून बटणही डावीकडे. कोणी हसलं तर म्हणायचे, "साहेब उजव्या हातानं लिहिते, डावा हात मोकळाच राह्यते ना!"

कचेऱ्यांतून मागणी यायची. पण दिव्याखाली बाबांचं नाव कधी आलं नाही, तिथं पांढऱ्या रंगात कचेरीचा नंबर पडायचा. पुढे ट्यूबलाइट आल्या आणि दिवे अडगळीत गेले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाबांची एकच इच्छा उरली होती, एका तरी दिव्यापाशी आपलं नाव लिहिलेलं बघायची.

माझा चुलतभाऊ मंदार पुण्याहून आला तो हीच इच्छा ओळखून. "काका, या जुन्या डिझाइनसाठी लोक वेडे झालेत. प्रदर्शन भरवतो, तुमच्या नावानिशी." घरात उरलेले सहाही दिवे बाबांनी तेलाचा हात फिरवून दिले. आईनं जुन्या लुगड्यांत गुंडाळून दिले.

कापसानं दगा दिलेली ती वर्षं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी गावोगाव आकांत, आणि तो बघायला बाहेरगावच्या गाड्यांची रीघ. ही मंडळी ज्या हॉटेलात उतरायची तिथंच मंदारनं प्रदर्शन मांडलं. आम्हाला म्हणाला, "कार्यक्रम बाहेरच्यांसाठी आहे, उगाच दगदग करू नका." मला ती काळजी वाटली. मीही मूर्खच! बाबा मात्र इस्त्रीचा सदरा घालून भर दुपारी ऑटोत जाऊन बसले, मग मी आणि आईही निघालो.

शहरात लोडशेडिंग होतं, हॉटेलचा जनरेटर घरघरत होता. सहाही दिवे लागलेले. एका दिव्यापुढे कोणी पाहुण्या बाई चक्क हात जोडून उभ्या होत्या. "कसे गेले हो?" त्यांनी विचारलं. मंदारनं मान खाली घातली, आवंढा गिळला आणि म्हणाला, "काय सांगू. कर्ज, कापूस..."

मी पुढे होऊन दिव्यापाशी ठेवलेलं कार्ड बघितलं. 'कै. सदाशिवराव, कापूस उत्पादक शेतकरी.' दारातल्या तुळशीपलीकडे बाबांनी जन्मात काही पेरलं नव्हतं. मला किळस आली. त्या आवंढ्याची तर जास्तच.

आम्हाला पाहून मंदारचा चेहरा उतरला. बाबांना बाजूला घेऊन तो कुजबुजला, "काका, समजून घ्या. नुसत्या कारागिराला कोण विचारतो? यवतमाळ म्हटलं की लोकांना शेतकरी लागतो, तोही गेलेला. नाव तर तुमचंच झालं ना?"

बाबा कार्डाकडे बघतच राहिले. "अक्षर चांगलं हाय," ते हळूच म्हणाले. "नाव बी शुद्ध लिवलं." आणि मी हो म्हणावं म्हणून माझ्याकडे बघायला लागले. चाळीस वर्षं उपाशी ठेवलेल्या माणसाच्या ताटात या नालायकानं हे वाढलं होतं.

आईला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं. "मंजू, काय लिवलं वं?"

मी मोठ्यानं वाचलं, पहिल्या अक्षरासकट. सगळी मंडळी वळली.

आईनं पिशवीतून कुंकवाची डबी काढली. "कुठं हाय ते अक्षर? दाखव मले." मी दाखवलं. तिनं बोट बुडवून 'कै.'वर दाबलं. "माह्या कपायावर हे हाय तोवर ते इथं नाही राह्यत."

पाहुण्या बाई एकदा तिच्या कपाळाकडे बघत, एकदा बाबांकडे. बाबांची मान ताठ झाली. "बाई, मी काही मेलो नाही. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या."

मंदार रुमाल घेऊन धावला आणि कार्ड पुसायला लागला. कुंकू पसरलं. शेतकरी गेला, सदाशिवरावही गेले, सगळं लालभडक झालं.

बाबांनी त्या कार्डाकडे एकदा बघितलं. मग डाव्या हातानं बटण दाबून दिवा विझवला, प्लगची पिन ओढली आणि दिवा काखेत मारला.

"चाल मंजू," ते म्हणाले, "याच्याहून कचेरीचा नंबर बरा होता."