रेघेवरचा व्रोना

बास्केटबॉलच्या मॅचमध्ये तेओफिल व्रोना फाउलच्या रेघेवर येऊन उभा राहिला की फायर ब्रिगेडच्या हॉलमधली सगळी खाणकामगार मंडळी चिडीचूप व्हायची. एरवी ही माणसं गप्प बसणारी थोडीच! मैदानाभोवतीच्या तारेच्या जाळीला लोंबकळून ती घसा फाटेस्तोवर ओरडायची, आणि बायका तर जाळीतून हात घालून पाहुण्या खेळाडूंच्या पोटऱ्यांना टोपीच्या पिना टोचायच्या. पण व्रोना रेघेवर आला की संपलं. तो चेंडू हातात फिरवायचा, त्याची दोरीची शिवण नेमकी अंगठ्याखाली घ्यायचा, गुडघे वाकवायचा आणि दोन पायांमधून चेंडू असा अलगद वर सोडायचा, की वाटावं पाखरूच सोडलंय.

त्याची पंधरा वर्षांची लेक बोग्ना मात्र जाळीला नाक लावून नेमके तेव्हाच डोळे मिटायची. लहानपणापासूनची खोड. चेंडू आत पडला हे तिला लोकांच्या आरोळीवरूनच कळायचं.

त्या काळी प्रत्येक संघाचा एक फाउलवाला असे. धक्का कुणीही खावा, फाउलचा शॉट त्यानंच मारायचा. तेओफिलचे गुडघे केव्हाच कामातून गेले होते. संघातली पोरं त्याला तोंडावर म्हातारबा म्हणत, पळताना त्याची नक्कल करत, आणि फाउल झाला की मुकाट चेंडू आणून त्याच्या हातात देत. म्हणून संघात त्याची पगारी जागा होती, आणि जागा होती म्हणून त्याला खाणीत उतरावं लागत नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ इग्नात्सी खाणीचं छत कोसळून गेला, त्या दिवशी बोग्नाच्या आईनं, रोझालियानं, दिराचा जेवणाचा पत्र्याचा डबा स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगला. नवऱ्याला तिनं बजावलं होतं की हा डबा इथून हलला, तर मी या घरात राहणार नाही.

आणि त्या हिवाळ्यात नियम बदलला. बोग्नानंच बापाला तो पेपरातून वाचून दाखवला. आता ज्याला धक्का बसेल, त्यानंच शॉट मारायचा. दुसऱ्या कुणी मारला तर तो धरायचा नाही. तेओफिलनं सूप पिता पिता मान हलवली आणि अजून थोडा पाव मागितला. जणू पेपरात दुसऱ्याच कुणाची बातमी होती.

मॅनेजर मॅकगर्क माणूस वाईट नव्हता. शनिवारची मॅच जिंकलो तर हिवाळा संपेपर्यंत तुला ठेवतो, असं त्यानं कबूल केलं. हरलो तर मात्र तुझ्या जागी पळणारं पोरगं घ्यावं लागेल, हेही सांगितलं.

त्या शनिवारी तेओफिल असा खेळला की बघत राहावं! गुडघ्यांना पट्ट्या बांधून तो धावला, पडला, तारेवर आपटून त्याचं कोपर सोलवटलं, पण उठला. जाळीवरची पोरं ओरडली, "म्हातारबाला बाळसं आलं रे!" बोग्नाला हसू आवरेना, आणि रडूही.

शेवटाला दोन्ही संघ बरोबरीत होते. संघातला ब्रोनेक नावाचा मिसरूड फुटलेला पोरगा धक्का खाऊन बास्केटखाली आडवा झाला. शिट्टी वाजली. फाउल. रेफ्री टेबलाकडे सांगायला वळला. ब्रोनेक उठला, चेंडू उचलला, आणि त्यानं इतकी वर्षं जे होताना पाहिलं होतं तेच केलं. चालत जाऊन चेंडू तेओफिलच्या हातात दिला.

तेओफिल रेघेवर गेला.

त्याला अडवणार कोण? सगळा हॉल सवयीनं चिडीचूप झाला होता. नियम वाचून दाखवणाऱ्या बोग्नानं सवयीनं डोळे मिटले होते.

आरोळी उठली. आणि मधेच तुटली. बोग्नानं डोळे उघडले तेव्हा रेफ्री दोन्ही हात आडवे हलवत होता आणि पाहुण्यांचा कप्तान पोट धरून हसत होता. शॉट बाद झाला. चेंडू पाहुण्यांना मिळाला, त्यांनी तो पळवत नेला आणि बास्केटमध्ये टाकला. मॅच गेली.

त्यानंतर रिवाजाप्रमाणे जाळी गुंडाळली, भिंतीशी बाकं सरकवली आणि बँड वाजू लागला. मॅच हरली म्हणून शनिवारचा नाच काही राहत नसे. मॅकगर्कनं तेओफिलच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. ब्रोनेक कोपऱ्यात टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसला होता. तेओफिल त्याच्याकडे गेला आणि टॉवेलवरूनच त्याच्या डोक्यावर टपली मारली.

"मला एवढ्या लगबगीनं कधी पास दिला नव्हतास, गाढवा."

मग पहिला नाच दरवेळसारखा लेकीबरोबर. त्याच्या बनियनला घामाचा आणि गुडघ्यांच्या मलमाचा वास येत होता. पाय ओढत तो हळूहळू फिरत होता, आणि बोग्ना मुद्दाम चुकीची पावलं टाकत होती, म्हणजे लोकांना वाटावं, हीच अडखळतेय.

"डोळे मिटले होतेस ना?" त्यानं विचारलं.

"हो, बाबा."

"म्हणजे तू बघितलाच नाहीस." त्यानं आणखी एक गिरकी घेतली. "कडेला शिवलासुद्धा नाही गं. सरळ आत."

सोमवारी उजाडायच्या आत बोग्नाला जाग आली. आईनं खिळ्यावरचा डबा स्वतःच काढला होता. राखेनं घासून त्याचा गंज घालवला, त्यात पाव आणि सॉसेज भरलं. तिचे हात आदळआपट करत होते. तेओफिलनं डबा दोन्ही हातांत घेतला आणि जरा फिरवला. त्याचा अंगठा झाकणाच्या कडेवरून सावकाश काहीतरी शोधत गेला.

रोझालियानं तोंड फिरवलं.

"झाकण नीट लागलंय," ती म्हणाली. "जा आता, खाणीचा भोंगा होईल."